सीआयडी व्हायचंय? मग हे वाचा!

मुलामुलींनो,

‘मोठेपणी कोण व्हायचं?’ या आपल्या सदरासाठी तुमची पत्रं येत असतात. त्यांत डॉक्टर, इंजिनिअर, पायलट यांच्या जोडीला एक उत्तर हटकून असतंच : ‘मला सीआयडी व्हायचंय!’ आठवीतल्या एका मुलीनं तर सरळ विचारलंय, ‘सीआयडीसाठी अकरावीला कोणती साइड घेऊ? आणि ते कॉलेज कुठं असतं?’

प्रश्न झकास आहे. उत्तर मात्र एका ओळीचं नाही. म्हणून आजचं सगळं पान त्यालाच दिलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. सीआयडीचं वेगळं कॉलेज नसतं. सीआयडी ही आपल्या राज्याच्या पोलीस खात्याचीच एक शाखा आहे. तिचं मराठी नाव राज्य गुन्हे अन्वेषण विभाग. तिचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे. तिथले तपास करणारे अधिकारी आधी पोलीस खात्यात दाखल होतात, अनुभव घेतात आणि मग त्यांची तिकडं नेमणूक होते. म्हणजे सीआयडीचा रस्ता पोलीस खात्याच्या दारातूनच जातो, बरं का!

दुसरी गोष्ट जरा जास्त महत्त्वाची. टीव्हीवरच्या मालिकेत गुन्हेगाराला एक सणसणीत चपराक बसते, तो ‘हो, मीच केलं’ म्हणतो आणि मालिका संपते. खऱ्या आयुष्यात माणूस पकडला गेला की अर्धं काम सुरू व्हायचं असतं. ‘ह्यानंच केलं’ असं वाटणं आणि ‘ह्यानंच केलं’ हे सिद्ध होणं, या दोहोंत खूप मोठं अंतर आहे. ते अंतर कसं पार करायचं, याचंच एक मोठं शास्त्र आहे. परदेशात काही विद्यापीठांत त्या सगळ्याची मिळून एकच पदवी मिळते. आपल्याकडे ते वेगवेगळ्या दारांतून शिकावं लागतं. आपण त्याला फौजदारी न्यायाचं शिक्षण म्हणू.

(फौजदारी आणि दिवाणी यांतला फरक माहीत आहे ना? जमिनीचा बांध, घरभाडं, उसने पैसे असे दोन माणसांतले वाद ते दिवाणी. चोरी, मारामारी, फसवणूक असे गुन्हे ते फौजदारी. फौजदारी खटला बहुतेक वेळा सरकार चालवतं, कारण गुन्हा एकाच्या घरी झाला तरी तो सगळ्या समाजाविरुद्ध झाला असं मानतात.)

सहलीचे पैसे कुणी घेतले?

आता एक खेळ खेळू. समजा, तुमच्या वर्गात एका मुलीच्या दप्तरातून सहलीचे दोनशे रुपये गेले. पी.टी.च्या तासाला सगळे मैदानावर होते. पाय मुरगळला म्हणून एक मुलगा तेवढा वर्गात बसून होता. त्याचे बूट फाटके आहेत, सहलीचे पैसेही त्यानं अजून भरलेले नाहीत. झालं! मधल्या सुट्टीपर्यंत सगळा वर्ग त्याला ‘चोर’ म्हणायला लागतो. कुणी त्याच्याजवळ डबा खायला बसत नाही.

खरं सांगा, तुम्हीही तसंच केलं असतं ना?

आता डोकं थंड ठेवून विचार करू. पैसे पी.टी.च्या तासालाच गेले कशावरून? त्या मुलीनं ते शेवटचे कधी पाहिले? वर्गाला दारं किती? मधे आणखी कुणी आत आलं होतं का? मुलाच्या खिशात दोनशे रुपये सापडले, तरी ते तेच कशावरून? आईनं आजच सहलीसाठी दिलेले असतील तर? आणि समजा, पैसे खरंच त्यानं घेतले असतील, तर त्याचं काय करायचं? शाळेतून काढून टाकायचं? की त्यानं असं का केलं ते शोधायचं?

या प्रत्येक प्रश्नाला मोठ्यांच्या जगात एकेक माणूस नेमलेला असतो. काय घडलं ते शोधून काढतो तो पोलीस तपास अधिकारी. वस्तूंकडून खरं वदवून घेतो तो प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. पुरावा न्यायालयापुढं मांडतो तो सरकारी वकील. ‘थांबा, हे असंही असू शकेल’ म्हणतो तो बचावाचा वकील. दोघांचं ऐकून निर्णय देतो तो न्यायाधीश. आणि शिक्षा झाली की त्या माणसाला पुन्हा माणसांत आणायचं काम तुरुंग अधिकाऱ्यांचं, परिवीक्षा अधिकाऱ्यांचं आणि समाजकार्यकर्त्यांचं.

म्हणजे बघा, एका ‘सीआयडी’च्या पोटात सहा-सात वाटा निघाल्या!

तपकिरी डागाची गोष्ट

या शिक्षणाचा गाभा काय, ते सांगणारी एक खरी गोष्ट ऐका.

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखता येतो, हे तुम्हांला माहीत आहे. पण ठसे तपासणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या कार्यालयांपैकी एक कुठं निघालं, सांगा बरं? लंडनला? न्यूयॉर्कला? नाही! ते निघालं आपल्या कोलकात्यात, १८९७ साली. तेव्हा बंगालच्या पोलिसांचे प्रमुख होते एडवर्ड हेन्री. हजारो ठशांमधून हवा तो ठसा चटकन सापडावा म्हणून त्यांची वर्गवारी करणं गरजेचं होतं. ती पद्धत बसवण्यात काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढं ती पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून गाजली. त्या दोघांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक झाली नाहीत. तुम्ही तरी लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, बंगालातल्या जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि त्याचे पैसे चोरीला गेले. त्याच्या पेटीत एक बंगाली पंचांग होतं. पंचांगाच्या वेष्टनावर तपकिरी डाग दिसले. नीट पाहिल्यावर त्यांतला एक डाग म्हणजे उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला. तो त्या व्यवस्थापकाच्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. त्या नोकराला आधी चोरीसाठी शिक्षा झालेली होती, म्हणून त्याचा ठसा कोलकात्याच्या कार्यालयात होता.

आता तुम्ही म्हणाल, सापडला खुनी! चढवा फाशी!

न्यायालयानं तसं केलं नाही. ठशावरून एवढंच सिद्ध होत होतं, की त्या माणसानं पेटीतल्या वस्तूला हात लावला. खून करताना त्याला कुणीही पाहिलं नव्हतं. म्हणून न्यायालयानं त्याला चोरीसाठी दोषी धरलं आणि खुनाच्या आरोपातून सोडलं.

हा निकाल तुम्हांला आवडला का? कदाचित नाही आवडणार. पण जरा थांबून विचार करा. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच ऐकायचं, त्याच्या पुढं एक पाऊलही आपल्या मनानं टाकायचं नाही, ही शिस्त त्या निकालात आहे. फौजदारी न्यायाचं सगळं शिक्षण, मग तुम्ही पोलीस व्हा नाहीतर न्यायाधीश, ह्याच शिस्तीचं शिक्षण आहे. चोर पकडायचा तर आहेच. पण निरपराध माणूस चोर ठरू नये, ही काळजी त्याच्याइतकीच मोठी आहे.

आता दारं कोणती आणि किल्ल्या कोणत्या, ते एकेक पाहू.

पहिलं दार : कायदा

वकील किंवा न्यायाधीश व्हायचं असेल तर कायद्याची पदवी हवी. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. कुठलीही पदवी घेऊन मग केला तर तीन वर्षांचा. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कोणतीही साइड चालते. महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ नावाची परीक्षा असते. अशी विद्यापीठं आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. जुनी नामवंत कॉलेजंही आहेतच. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, पुण्याचं आयएलएस १९२४ सालचं.

पदवीनंतर बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं. त्याला ‘सनद घेणं’ म्हणतात. त्याशिवाय अखिल भारतीय पातळीवरची बारची परीक्षाही पास व्हावी लागते. मग काळा कोट! न्यायाधीश होण्यासाठी वेगळी स्पर्धा परीक्षा असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीवर बसण्याआधी निदान तीन वर्षं वकिली केलेली असावी. कॉलेजातून निघून थेट न्यायासनावर बसू नये, आधी माणसं आणि कोर्ट पाहावं, हा त्यामागचा विचार.

इथं एक गंमत सांगते. फसवणाऱ्या माणसाला आपण ‘चारशेवीस’ म्हणतो ना? तो होता १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतला फसवणुकीच्या कलमाचा आकडा. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात फसवणुकीचं कलम आहे ३१८! खुनाचं कलम ३०२ होतं, ते १०३ झालं. तपासाची पद्धत आणि पुरावा यांचेही नवे कायदे त्याच दिवशी आले. म्हणजे जुन्या वकिलांनाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. तुम्ही मात्र नवीच पुस्तकं घेऊन सुरुवात कराल. आणि हो, जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीच्या दुकानात स्वस्त मिळाली तरी कायद्याच्या बाबतीत ती घेऊ नका!

दुसरं दार : प्रयोगशाळा

ज्याला प्रयोग आवडतात, तासन्‌तास एका जागी बसून बारीक पाहायला आवडतं, त्याच्यासाठी न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स. ह्याला अकरावी-बारावीला सायन्सच हवं.

महाराष्ट्र सरकारची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कलिना इथं आहे. नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर, नांदेड इथंही प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. रक्त, विष, दारू, जळालेलं कापड, कागदावरची सही, बंदुकीची गोळी, मोबाइल फोन असं काहीही तिथं तपासायला येतं. पोलीस घटनास्थळी पंचांसमोर पंचनामा करतात, जप्त केलेला मुद्देमाल पाकिटात घालून सीलबंद करतात आणि मग तो प्रयोगशाळेत जातो. ते सील फुटलेलं निघालं, पाकिटावरचा आकडा चुकला, तर शास्त्रज्ञानं कितीही हुशारीनं तपासणी केली तरी बचावाचा वकील विचारणारच : ‘ही वस्तू तीच कशावरून?’ एका लाखेच्या सीलवर कधी कधी अख्खा खटला उभा असतो!

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. ते २००९ मध्ये गुजरात राज्याचं म्हणून सुरू झालं आणि २०२० मध्ये संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय झालं. गोव्यातही त्याचं एक केंद्र आहे. पण फॉरेन्सिकचीच पदवी हवी असं नाही. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र शिकलेली माणसंही प्रयोगशाळांत लागतात.

नव्या कायद्यानं या शास्त्राचं महत्त्व वाढवलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यांत तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचं चित्रीकरण करावं, असं त्यात सांगितलं आहे. त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तरी एक कानात सांगते : सरकारी प्रयोगशाळांतल्या जागा दरवर्षी निघतीलच असं नाही. म्हणून आपलं मूळ विज्ञान पक्कं ठेवावं, म्हणजे दुसरी दारंही उघडी राहतात.

तिसरं दार : खाकी वर्दी

शिपाई म्हणून भरती व्हायला बारावी पास लागतं. फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक व्हायला कोणत्याही शाखेची पदवी आणि एमपीएससीची परीक्षा. त्यांचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. आयपीएस अधिकारी व्हायला यूपीएससीची परीक्षा. त्यांची अकादमी हैदराबादला आहे. धावणं आणि इतर मैदानी चाचण्या उपनिरीक्षकाला आणि शिपायाला चुकत नाहीत. म्हणून आत्तापासून सकाळी लवकर उठा!

पण नुसत्या धावण्यानं भागत नाही हं. पोलिसाचं निम्मं काम लिहिण्याचं असतं. फिर्याद, जबाब, पंचनामा, दोषारोपपत्र, सगळं स्वच्छ आणि अचूक लिहावं लागतं. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. हा आपल्या राज्यघटनेतला नियम आहे. म्हणजे वर्दी अंगावर चढली तरी नियमाचं पुस्तक वर्दीच्याही वर असतं.

चौथं दार : माणूस

हे दार फार थोड्यांना माहीत आहे. गुन्हे का घडतात? एका वस्तीत जास्त आणि दुसरीत कमी का? शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा चोरी का करतो, किंवा का करत नाही? याचा अभ्यास म्हणजे गुन्हेशास्त्र. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात १९५९ साली त्याचा विभाग सुरू झाला. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, १९३६ सालची. तिथं पदवीनंतर समाजकार्याच्या शिक्षणात गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय घेता येतो. तिचाच ‘प्रयास’ नावाचा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांसाठी काम करतो आहे.

तुमच्या वयाचं मूल चुकलं तर काय होतं, माहीत आहे? अठरा वर्षांखालच्या मुलाला कायदा ‘गुन्हेगार’ म्हणत नाही. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. त्या मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्या दोघांपैकी एक तरी बाई असावी लागते. त्या मुलाच्या घरची माहिती काढून, त्याच्याशी बोलून मंडळाला अहवाल देणारा परिवीक्षा अधिकारी हाही या चौथ्या दारातून आलेला माणूस असू शकतो.

आणि ही कल्पना आपल्याकडे काही नवी नाही बरं का. आपल्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. ती औंध संस्थानच्या काळातली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरच्या पुढाकारानं ती उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय राहू द्यायचं, शेती करू द्यायची आणि त्यांच्यावर विश्वास टाकायचा, असा तो प्रयोग. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचलेला. आजीआजोबांना विचारा, त्यांनी नक्की पाहिला असेल.

‘चोराची बाजू कशाला घ्यायची?’

हा प्रश्न मुलं विचारतात आणि मोठी माणसंही विचारतात. बचावाचा वकील म्हणजे गुन्हेगाराला सोडवणारा माणूस, असं सिनेमानं आपल्याला शिकवलंय.

आता आपल्या खेळातला तो फाटक्या बुटांचा मुलगा आठवा. सगळा वर्ग एका बाजूला आणि तो एकटा एका बाजूला. त्याला बोलताही येत नाही, रडूच कोसळतंय. अशा वेळी कुणीतरी उभं राहून ‘बाई, आधी पुरावा बघू या’ म्हणायला नको का? तेवढंच काम बचावाचा वकील करतो. तो मुलगा निर्दोष असेल तर त्याच्यामुळं वाचेल. दोषी असेल तरी पुरावा तावूनसुलाखून निघेल आणि शिक्षा योग्य तेवढीच होईल.

हे नुसतं पुस्तकातलं बोलणं नाही. सरकारी आकडेवारी पाहा. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७० हजारांहून जास्त माणसं होती. त्यांतले दर चारांतले तीन कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही, ज्याच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असा माणूस! त्यांतले काही दोषी ठरतील, काही निर्दोष ठरतील. पण जो निर्दोष ठरेल त्याची गेलेली वर्षं कोण परत देणार? त्याची मुलं तुमच्यासारखीच शाळेत जात असतील. त्यांना वर्गात काय ऐकावं लागत असेल?

म्हणून गरिबाला फुकट वकील मिळावा, असं आपल्या घटनेत सांगितलं आहे आणि १९८७ सालचा त्याचा कायदाही आहे. कोठडीत असलेल्या कुणालाही, तसंच स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न न बघता हा वकील मिळतो. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत यासाठी पूर्ण वेळ वकील नेमायची योजना सुरू झाली. आपल्याकडे त्यांना ‘लोकअभिरक्षक’ म्हणतात. किती छान शब्द आहे पाहा! तुमच्यातलं कुणीतरी उद्या ह्या पाटीखाली बसावं असं मला फार वाटतं.

मुलींनो, खास तुमच्यासाठी

‘पोलीस-कोर्ट हे मुलींचं काम नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगा. त्यांचा जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मग ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. ती परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण स्त्रियांना वकिली करायला परवानगी देणारा कायदा हिंदुस्थानात यायला १९२३ साल उजाडावं लागलं! मधल्या काळात त्या हात बांधून बसल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या, कोर्टात जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांना त्या मालमत्तेच्या कामात सल्ला देत राहिल्या. परीक्षा पास होऊनही त्या तीस वर्षं दाराबाहेर थांबल्या. तुमच्यासाठी तेच दार आता उघडं आहे.

आईबाबांशी दोन शब्द

मी स्वतः वकील नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पण पालकांच्या मनातली भीती रोज ऐकते. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण मुलांदेखत म्हणतो आणि मग मूल कायद्याचं नाव काढलं की दचकतो.

खर्चाचं खरं सांगायचं तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वर्षाची फी लाखांत असते. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ती बरीच कमी. नव्या वकिलाची पहिली काही वर्षं कमाई बेताचीच असते, हेही मुलाला आधीच सांगा, लपवू नका. गल्लोगल्ली ‘डिटेक्टिव्ह’, ‘क्राइम इन्व्हेस्टिगेशन’ अशा नावांचे झटपट कोर्स निघालेत. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. कायद्याचं कॉलेज असेल तर त्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का? बाकी पदवी असेल तर ती देणारं विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? उत्तर देताना समोरचा चाचरला तर सरळ घरी या.

आत्ता काय करायचं?

आठवीत-नववीत कायद्याची जाड पुस्तकं वाचायची गरज नाही. पण या सगळ्या कामांना लागणाऱ्या सवयी आत्ताच लावता येतात. जे पाहिलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्वच्छ लिहायचं. नागरिकशास्त्राचं पुस्तक गुणांपुरतं न वाचता नीट वाचायचं. भांडणात दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ‘चूक कुणाची’ ते बोलायचं नाही. शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, घरी धाकट्या भावंडाबरोबर करून बघा!

या आठवड्याचा उपक्रमही सांगून ठेवते. रोजच्या वर्तमानपत्रातली चोरीची किंवा फसवणुकीची एक बातमी कापून वहीत चिकटवा. तिच्यात ‘संशयित’, ‘आरोपी’, ‘गुन्हेगार’, ‘चोर’ यांपैकी जे शब्द आले असतील त्यांच्याखाली रेघ मारा. ज्याच्यावर नुसता संशय आहे तो संशयित. ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी. न्यायालयानं दोषी ठरवला तरच तो गुन्हेगार. बातमीत निकालाआधीच कुणाला ‘चोर’ म्हटलं असेल तर तिथं लाल पेन्सिलीनं योग्य शब्द लिहा. आणि जमलं तर सुट्टीत आईबाबांबरोबर तालुक्याच्या कोर्टात एक तास बसून या. आपल्याकडे बहुतेक खटले खुल्या न्यायालयात चालतात, म्हणजे कुणालाही मागच्या बाकावर शांत बसून ऐकता येतं. मोबाइल मात्र बंद!

तर आठवीतल्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं : प्रयोगशाळा आवडत असेल तर सायन्स घे, बाकी तिन्ही दारांना कोणतीही साइड चालेल. आणि सीआयडीच व्हायचं असेल तर पदवी घे, एमपीएससी दे आणि आधी चांगली फौजदार हो.

वहीतल्या लाल शब्दांची संख्या मला पत्रानं नक्की कळवा. किती निघतात, मलाही बघायचंय!

तुमची,
बाई